चार कातड्यांवरचा एक ठिपका

माझ्या वडिलांचा डावा डोळा धोट्यानं गेला. मागावर धोटा एका बाजूच्या पेटीतून दुसऱ्या बाजूच्या पेटीत सारखा पळत असतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी टोपी असते. पेटी झिजली की तो कधी सुटेल याचा नेम नसतो. सात नंबरच्या मागाची पेटी झिजली आहे, असं आबा दोन महिने जॉबरला, म्हणजे मागांवरच्या मुकादमाला, सांगत होते. जॉबर म्हणायचा, बघू. एका सकाळी धोटा सुटला आणि आबांच्या डोळ्यात शिरला. मागावरचा ताका रक्तानं भिजला. ताका खराब केला म्हणून जॉबरनं खाली पडलेल्या माणसाच्या बरगडीत लाथ घातली. हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी आबांचा डबा घेऊन दारात उभा होतो.

त्यानंतर त्या कारखान्यात आबांना कुणी उभं केलं नाही. एका डोळ्याच्या माणसाला धागा तुटलेला दिसत नाही म्हणत. आम्ही सुरतेत डिंडोलीला एका खोलीत पाच माणसं. गावाकडं, म्हणजे खानदेशात, परत जाऊन करायचं काय, हाही प्रश्नच होता. मग आईनं छापील साड्यांचं चेकिंग घरी आणायला सुरुवात केली.

हे काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापड लांब टेबलावर पसरतात, त्यावर जाळीची चौकट ठेवतात आणि रबराच्या पट्टीनं रंग ओढतात. मग चौकट उचलून पुढं ठेवायची, परत रंग ओढायचा. म्हणून एकच नक्षी ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येते. तिला रिपीट म्हणतात. जाळीला बारीक भोक पडलं, की तिथून रंग गळतो आणि नको असलेला ठिपका दर रिपीटला त्याच जागी उमटतो. असे ठिपके, डाग, सरकलेली नक्षी शोधायची आणि तो माल बाजूला काढायचा, हे आईचं काम. शाळेतून आलो की मीही तिच्या शेजारी गुडघ्यावर बसायचो. ती घरी अहिराणीच बोलायची. म्हणायची, "फुलकडे देखू नको भाऊ. दोन फुलंसना मझार देख." फुलाकडं पाहिलं की डोळा फसतो. चूक मधल्या जागेत असते.

त्या साड्यांवर बसून मी बारावी झालो आणि मग बी.एस्सी. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मला याचा अभिमान आहे आणि तो मी कधी लपवला नाही. पुढं जे घडलं त्यातलं निम्मं त्या अभिमानामुळंच घडलं.

परीक्षा देऊन मी वनपाल झालो. सुरतेत प्लेगची पळापळ झाली, त्यानंतरच्या वर्षी माझी बदली शहरातल्या कार्यालयात झाली. काम होतं शिकारीच्या तक्रारींवर धाडी घालायच्या, आणि जप्त झालेला माल मुद्देमालाच्या खोलीत सांभाळायचा. खोलीला दोन कुलपं होती. एकाची किल्ली माझ्याकडं, दुसऱ्याची मोठ्या साहेबांकडं. साहेब मला नावानं हाक मारत नसत. "आवो ग्रॅज्युएट," म्हणत. दोन डिग्र्या असलेला माणूस माझ्या एका डिग्रीला हसायचा. मी मनात म्हणायचो, हसू दे.

माझ्याबरोबर एक गार्ड असायचा. डोंगराकडचा आदिवासी, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. मी त्याला काका म्हणायचो, तो मला साहेब. उसात बिबट्याचा पाय कुठं उमटलाय हे तो सायकलवरून जाताजाता सांगायचा. त्यानंच खबर आणली, की कडोदऱ्याच्या पलीकडं उसाच्या फडात कुणीतरी फासे लावतंय.

आम्ही दुपारी गेलो. काका, मी आणि आणखी दोघं. फडाच्या कडेला पाचटाची झोपडी होती. तिच्यामागं बिबट्याची मादी पडलेली होती, सोललेली. सकाळीच मारलेली असावी. तिच्या कमरेत फाशाची तार मांसात रुतलेली तशीच होती आणि जबडा पहारीनं फोडलेला होता. गोळी घातली तर कातड्याला भोक पडतं, म्हणून फाशात अडकलेल्या जनावराच्या तोंडात पहार घालतात. पहार तिथंच पडली होती. तिला केस चिकटले होते.

आत तीन माणसं जेवत होती. काकानं पहिल्याचा हात धरला आणि तेवढ्यात दुसऱ्यानं भिंतीला टेकवलेला ऊसतोडीचा कोयता उचलला. घाव काकाच्या मनगटावर बसला. आवाज आला तो ओलं लाकूड तोडल्यासारखा. हात तुटून पडला नाही, पण बोटं तिथल्या तिथं मेली. कोयतेवाल्यानं परत हात उचलला तेव्हा मी त्याच्या तोंडावर काठी मारली. तो पडला. मी पडलेल्याला मारत राहिलो. त्याचे पुढचे दात माझ्या काठीनं गेले. दुसऱ्या गार्डनं मला मागून मिठी मारली तेव्हा मी थांबलो. हे मी कोर्टातही सांगितलं आणि इथंही सांगतो.

झोपडीत तीन सुकलेली कातडी गुंडाळून ठेवलेली होती. चौथं बाहेर खुंट्यांवर ताणलेलं, ओलं. चारही कातड्यांची डोकी आणि पंजे आधीच कापून नेलेले होते, कारण नखं वेगळी विकली जातात. पंचनामा झाला, तिघांना अटक झाली. चौथ्या कातड्याला मीठ लावून सुकवलं, मग चारही पोत्यात घालून, साहेबांकडच्या शिक्क्यानं लाखेचं सील मारून मी खोलीत ठेवली.

काकाला मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं. हात राहिला, पण पंजा नुसता मनगटाला लोंबणारा. मी भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "साहेब, मारो हाथ ए ओरडीमां मूक्यो छे. साचवजो." माझा हात त्या खोलीत ठेवलाय, सांभाळा. मी सांभाळतो म्हणालो.

आणि मी आखाजीला गावी गेलो.

सुरतेतल्या खानदेशी माणसाला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चुकवता येत नाही. दिवाळीला एकवेळ जाणार नाही, पण आखाजीला अर्धी डिंडोली रिकामी होते. बहिणी माहेरी आलेल्या असतात, पितरांची घागर भरायची असते. कारखानदारांना हे ठाऊक असतं, सगळ्या सुरतेला ठाऊक असतं. साहेबांनाही ठाऊक होतं. रजेच्या अर्जावर सही करताना म्हणाले, "जा ग्रॅज्युएट, पुरणपोळी खाऊन ये. किल्ली देऊन जा, नियम आहे." नियम होताच. मी किल्ली दिली. आठ दिवसांनी परत आलो, किल्ली घेतली, कुलपं उघडून पोती पाहिली. सीलं शाबूत होती. मी सही केली.

कोर्टाची तारीख लागली दोन महिन्यांनी. तीन दिवस आधी मी पोती बाहेर काढली, कातडी उन्हात टाकावीत म्हणून. केस जरा राठ वाटले. वास डांबराच्या गोळ्यांचा येत होता, तो नेहमीचाच. डोकं-पंजे नसल्यामुळं चारही कातडी नुसत्या सतरंजीसारखी दिसत होती. मी ती आवारातल्या फरशीवर शेजारी शेजारी पसरली आणि उंदरानं कुठं कुरतडलंय का ते पाहायला गुडघ्यावर बसलो.

गुडघ्यावर बसलो आणि डोळा आपोआप फुलांच्या मधल्या जागेत गेला. बिबट्याच्या अंगावरच्या काळ्या फुलांमध्ये एक बारीक फुटका ठिपका होता, शेपटासारखी रेघ ओढलेला. तिथून तीन विती पुढं तोच ठिपका, तीच रेघ. परत तीन विती पुढं, तोच. मी शेजारच्या कातड्यावर गेलो. तोच. चार बिबटे, आणि चौघांच्या पाठीवर तोच फुटका ठिपका.

ती वासराची कातडी होती. जाळीनं छापलेली.

पुढचं सगळं मला तिथं बसल्याबसल्या दिसलं. आरोपींचा वकील कातड्यांची तपासणी मागणार. कातडी वासराची निघणार. काकाचा हात तोडणारा माणूस हसत बाहेर पडणार. आणि सही माझी, किल्ली माझी, म्हणून मी आत जाणार. आमच्या खोलीवरून जाताना लोक म्हणणार, शिकला आणि चोर झाला.

मी एका कातड्याची कड कात्रीनं ठिपक्यासकट कापली, कागदावर तसं लिहून ठेवलं आणि घरी गेलो. आई चेकिंगला बसली होती. तिच्यासमोर तुकडा ठेवला. तिनं अंगठा फिरवला, उजेडाकडं धरला.

"हाई छापेल शे," ती म्हणाली.

"ते कळलं मला, माय."

"अरे भाऊ, हाऊ ठिपका ते मी देखेल शे."

ती उठली. आबा भिंतीला टेकून झोपले होते. तिनं त्यांच्या डोक्याखालची उशी ओढली, आबांचं डोकं भिंतीवर आपटलं आणि ते शिव्या देत उठले. उशीचा अभ्रा चित्त्याच्या छापाचा होता. त्या साली तसल्या ड्रेसच्या कापडाची मोठी फॅशन होती. शहराबाहेरच्या सचिन या औद्योगिक वसाहतीतल्या एका छपाईवाल्यानं महिन्याभरापूर्वी गठ्ठा पाठवला होता. आईनं ठिपकेवाला माल वेगळा काढला, तो त्यानं परत नेलाच नाही, आणि आईनं त्यातले अभ्रे शिवले. मी महिनाभर त्यावर झोपत होतो. अभ्र्यावर तीच फुलं होती आणि फुलांच्या मधे तोच फुटका ठिपका, शेपटासारखी रेघ ओढलेला.

छपाईवाल्यानं काय केलं होतं ते सुरतेत वाढलेल्या कुणालाही कळलं असतं. खरं कातडं समोर ठेवून त्यानं नक्षी उतरवून घेतली, जाळी बनवली, वासराची कातडी छापली. तिथं जाळी धुऊन टाकली असती तर विषय संपला असता. पण तयार जाळी रिकामी पडलेली सुरतेच्या छपाईवाल्याला सहन होत नाही. त्यानं तिच्यावर ड्रेसचं कापड काढलं आणि चेकिंगला धाडलं, ते नेमकं माझ्या आईकडं.

आता माझी चूक. मी पोलिसांकडं जायला हवं होतं. मी साहेबांकडं गेलो. संशय आला नव्हता असं नाही. पण ज्या माणसानं मला दोन वर्षं ग्रॅज्युएट म्हणून चिडवलं, त्याला मला दाखवायचं होतं की बघ, मी काय शोधलं. मला ते त्याच्या तोंडावर सांगायचं होतं. मी अभ्रा आणि तुकडा त्याच्या टेबलावर ठेवला.

साहेबांनी दोन्ही पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हसले. "तुझी आई काय वाघांची डॉक्टर आहे? कोर्टात उशी घेऊन जाणार तू? चिंध्या वेचणाऱ्यांची जात, चिंध्यांवरच गेलास शेवटी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बेस. पाणी पी. किल्ली तुझ्याकडंच होती हे विसरू नकोस."

मी अभ्रा आणि तुकडा उचलून बाहेर पडलो. मागं फोनची डायल फिरल्याचा आवाज आला. मी स्कूटर काढली आणि सरळ सचिन गाठलं. जाळी धुतली जायच्या आत हातात घ्यायची, एवढंच डोक्यात होतं.

ते माझी वाटच पाहत होते. कारखान्याचा मालक आणि त्याची चार माणसं. मी जाळ्यांच्या मांडणीपर्यंतही पोचलो नाही. एकानं रंग ओढायच्या लाकडी पट्टीनं गुडघ्यामागं मारलं. पडलो तसं पाठीत, बरगड्यांत, मानेवर. पट्टी मोडली तेव्हा दुसरी घेतली. छपाईची टेबलं खालून गरम केलेली असतात, रंग लगेच वाळावा म्हणून. दोघांनी मला उचललं आणि माझा डावा गाल त्या टेबलावर दाबून धरला. मालक विचारत होता, "क्या देखने आया था? देख ले. नजदीक से देख ले." कातडी टेबलाला चिकटल्याचं मला कळत होतं. मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. डावा कान टेबलावर दाबलेला होता, उजव्या कानात काहीतरी फुटलं आणि आवाज बंद झाले.

म्हणून पुढचं मी नुसतं पाहिलं, ऐकलं नाही. टेबलांवर काम करणारी दहा-बारा माणसं हात थांबवून उभी होती. त्यातला एक म्हातारा पुढं आला. आबांच्या शेजारच्या मागावर तो पूर्वी कामाला होता आणि डबा आणणारा पोरगा म्हणून मला ओळखत होता, हे नंतर कळलं. आबांचा डोळा गेला तेव्हा तोही तिथंच होता, आणि तेव्हा तो काही बोलला नव्हता. त्यानं रंगाची भरलेली बादली उचलली आणि मला धरलेल्या माणसाच्या तोंडावर घातली, मग रिकामी बादली त्याच्या जबड्यावर. जबडा सरकलेला मी पाहिला. मग बाकीचे पट्ट्या घेऊन आले. मालकाच्या डोक्यात पट्टी बसली आणि तो आपल्याच टेबलाखाली शिरला. लाल रंग आणि रक्त यातला फरक तिथं कुणाला कळत नव्हता.

म्हाताऱ्यानं मांडणीतून एक जाळी काढली. फोन आल्यावर मालकानं त्यालाच ती धुवायला सांगितली होती. त्यानं धुतली नव्हती. ती माझ्या छातीवर ठेवून त्यांनी मला टेम्पोत घातलं. तो माझ्या डाव्या कानाशी वाकून म्हणाला, "लई जा भाऊ. तुना बापले सांग, मी व्हतू तठे." घेऊन जा, तुझ्या बापाला सांग, मी होतो तिथं.

टेम्पो आधी पोलीस चौकीवर गेला, मग दवाखान्यात. त्याच दिवशी कारखान्यावर झडती झाली. माळ्यावर, रंगाच्या डब्यांमागं, खऱ्या कातड्यांपैकी दोन सापडली. दोन विकली गेली होती. मालकाच्या डोक्याला टाके पडत असतानाच त्यानं साहेबांचं नाव सांगितलं.

माझ्या खाटेशेजारी दोन दिवस काका बसून होता, मेलेला हात मांडीवर ठेवून. माझ्या गालाकडं पाहून म्हणाला, "साहेब, आता आपली जोडी जमली." दोघांनाही हसताना दुखत होतं.

कोर्टात मी चेहऱ्यावर पट्टी बांधून उभा राहिलो. कातडी बदलली आहेत, हे आरोपींच्या वकिलानं म्हणायच्या आधी आम्हीच म्हटलं. आईला साक्षीला बोलावलं. तिनं नवी साडी नेसली होती, चेकिंगमध्ये डाग निघालेली, डाग निऱ्यांत घेऊन. आरोपींचा वकील सुरती माणूस, गुजरातीतून विचारत होता.

"बेन, भणेला केटलुं?"

आई म्हणाली, शाळेत गेली नाही.

"वाघ जोयो छे कोई दिवस?"

"वाघ कव्हय नही देखा," आई म्हणाली. "छपाई देखेल शे."

लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी तिला दाखवा म्हटलं. आई कोर्टाच्या फरशीवर गुडघ्यावर बसली. तिनं जाळी पहिल्या कातड्यावर ठेवली, ठिपक्यावर ठिपका. मग चौकट उचलून पुढं, परत ठिपक्यावर ठिपका. चार कातडी झाल्यावर आबांच्या उशीचा अभ्रा. मग माळ्यावर सापडलेल्या खऱ्या कातड्यांपैकी एक मागून घेतलं. त्याच्या पाठीवरच्या एका जागी जाळीतली फुलं फुलाला फूल बसली, फक्त तो ठिपका तिथं नव्हता. बाकी कातड्यावर कुठंच बसली नाहीत. न्यायाधीश खुर्चीवरून उठून खाली आले आणि स्वतः वाकून पाहिलं. आबा मागच्या बाकावर होते. एका डोळ्यानं त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण ते उभे राहिले होते आणि शिपाई त्यांना बसा बसा म्हणत होता.

निकाल लागायला तीन वर्षं लागली. मधल्या काळात माझ्या स्कूटरचे ब्रेक दोनदा कापले गेले आणि आमच्या दारावर एकदा ॲसिडची बाटली फुटली. आईच्या पायावर त्याचे व्रण आहेत.

उसातल्या तिघांना शिक्षा झाली. कोयतेवाल्याला सगळ्यात जास्त. छपाईच्या मालकाला शिक्षा झाली. मोठ्या साहेबांची नोकरी गेली आणि त्यांनाही तुरुंग झाला. विकलेली दोन कातडी परत मिळाली नाहीत. माझ्या उजव्या कानाला आजही ऐकू येत नाही.

त्यानंतर मी त्या खोलीत एक पद्धत घातली. जप्त झालेलं प्रत्येक कातडं पंचांसमोर पसरायचं, आणि छपाईवाले नक्षी उतरवतात त्याच पारदर्शक फिल्मवर त्याची फुलं उतरवायची. एक प्रत खोलीत, एक कोर्टात, त्याच दिवशी. दर तारखेला फिल्म कातड्यावर ठेवून जुळवायची. पहिल्या फिल्म आईनं उतरवल्या. पुढं शेजारच्या कार्यालयांनीही ही पद्धत घेतली. मी तिथं होतो तोवर त्या खोलीतलं एकही कातडं बदललं गेलं नाही.